घरातील सायकल आणि अर्धशक्तीचे माप

दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगानंतर आणि उद्वर्तनापूर्वी व्यायामाला जे स्थान दिलेले आहे, ते आपण सर्वांनी प्रथम वर्षातच पाठ केलेले असते. पुढे व्यवसायात पडल्यावर प्रत्येक प्रमेही, प्रत्येक स्थूल आणि प्रत्येक मंदाग्नी रुग्णाला 'व्यायाम करा' असे आपण सांगतो; चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत तसे लिहितोही. औषधाची मात्रा, काल आणि अनुपान वरच्या ओळींत तपशिलाने नोंदलेले असतात. शेवटच्या ओळीत मात्र केवळ एक क्रियापद असते. आम्हीही सुमारे वीस वर्षे असेच लिहीत आलो. या ओळीतील उणीव आमच्या ध्यानात आली ती घरात आणून ठेवलेल्या एका यंत्रामुळे. त्या यंत्राच्या पाच वर्षांच्या सहवासाचा वृत्तांत आणि त्यावरून बनलेले आमचे मत वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवीत आहोत.

यंत्र घरी आले त्याचे कारण

आमचा निवास पालघरला आणि दवाखाना बोईसरला. २०२० साली टाळेबंदीच्या काळात सकाळचे फिरणे थांबले, रात्रीचे जेवण उशिरा होऊ लागले आणि वर्ष सरता सरता आमचे वजन ८४ किलोवर पोहोचले. रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचे मान, म्हणजे एचबीए-वन-सी, ६.३ आले. प्रमेहाच्या पूर्वरूपांवर विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देणाऱ्या वैद्याला स्वतःच्या हातात तो कागद धरावा लागला, हे सांगण्यास संकोच वाटतो. परंतु आमच्यासारखे अनेक असतील म्हणून सांगतो.

बाहेर व्यायाम का करीत नाही, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. आपल्या परिसराची स्थिती त्याचे उत्तर देते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ होता आणि देशातील औद्योगिक क्षेत्रांत तो सर्वाधिक होता. बोईसर-तारापूर रस्त्यावर पहाटेपासून कंटेनर आणि टँकर यांची वर्दळ असते. कारखान्यांतील कामगार तीन पाळ्यांत विभागलेले, तर २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आल्यापासून मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांचा दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू होतो. त्यात चार महिने आपल्याकडील पाऊस. अशा ठिकाणी 'मोकळ्या हवेत फिरा' हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड आहे. तमक श्वासाच्या रुग्णाला तर तो सल्ला देताना आमची जीभच अडखळते.

म्हणून २०२० च्या दिवाळीनंतर सुमारे चाळीस हजार रुपये मोजून आम्ही एक 'स्मार्ट' व्यायाम-सायकल घेतली. हिची रचना थोडक्यात अशी. पायडल मारले की पट्ट्याने एक जड चक्र फिरते. चक्राजवळ चुंबक असतात. ते जवळ आणले की फिरत्या धातूत विद्युत्प्रवाह निर्माण होऊन ते गतीला विरोध करतात आणि सायकल 'जड' होते. चुंबकाचा व चक्राचा स्पर्श होत नसल्याने ब्रेकची गादी झिजण्याचा प्रश्न येत नाही. सायकलीतील संवेदक फेऱ्यांची गती आणि जडपणा यांवरून किती वॅट शक्ती लागली ते काढतात आणि ब्लूटूथने भ्रमणध्वनीवर पाठवतात. भ्रमणध्वनीवरील अॅप त्यावरून आलेख, उष्मांक, क्रमवारी आणि पुढील आठवड्याचे 'लक्ष्य' ठरवते. या शेवटच्या शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आमचा सर्व वाद त्याच्याशीच आहे.

पाच वर्षांचा जमाखर्च

प्रारंभीचा उत्साह दांडगा होता. २०२१ साली आम्ही २१२ दिवस सायकलीवर बसलो. २०२२ मध्ये दवाखाना पूर्ववत भरू लागला आणि संख्या ९६ वर आली. २०२३ मध्ये ती ६१ झाली. त्या वर्षी सायकलीच्या हँडलवर टॉवेल वाळत असे, हे घरातील मंडळी आजही ऐकवतात. २०२४ मध्ये १५४ आणि २०२५ मध्ये १८८ दिवस भरले. पाच वर्षांची बेरीज ७११ दिवस.

२०२३ नंतर संख्या का वाढली, हे सांगण्याजोगे आहे. त्याच वर्षी आमच्या सायकलीचे अॅप बंद पडले. उत्पादकाने सेवा थांबवली, दूरध्वनीवर कोणी उत्तर देईना आणि आमच्या सर्व नोंदी एका दिवसात नाहीशा झाल्या. चक्र, चुंबक, पायडल सर्व शाबूत. केवळ सायकलीची 'हुशारी' गेली. काही महिने आम्ही रागाने तिच्याकडे पाहिलेही नाही. नंतर एका जुन्या दैनंदिनीत पेन्सिलीने तारीख, मिनिटे, ऋतू आणि त्या दिवशीची भूक अशा चार गोष्टी लिहू लागलो आणि सायकलीवर बसण्याची वेळ अभ्यंगानंतर, स्नानापूर्वी अशी बांधून घेतली. पडद्याने जे दोन वर्षे टिकवले नाही ते बांधलेल्या वेळेने टिकवले.

असा अनुभव एकट्या आमचा नाही. अमेरिकेत फ्लायव्हील या कंपनीने पेलोटन या प्रतिस्पर्धी कंपनीशी चाललेला पेटंटचा दावा मिटवताना मार्च २०२० मध्ये घरगुती सायकलींवरील ऑनलाइन वर्ग बंद केले. ग्राहकांच्या घरी सायकली होत्या, परंतु ज्या वर्गांसाठी त्या घेतल्या ते उरले नव्हते. पेलोटनने त्या बदलून आपल्या दुरुस्त केलेल्या सायकली देऊ केल्या. त्याच पेलोटनने २०२२ मध्ये मासिक वर्गणी ३९ वरून ४४ डॉलर केली, आणि मे २०२३ मध्ये बसण्याच्या दांड्याचा दोष आढळल्याने सुमारे २२ लाख सायकलींचे दांडे बदलून देण्याची घोषणा तिला करावी लागली. तात्पर्य, असे यंत्र घेताना आपण दोन वस्तू घेतो. एक लोखंडाची, जी दहा-पंधरा वर्षे टिकू शकते. दुसरी सेवेची, जिचे आयुष्य कंपनीच्या हाती असते.

लोखंडाचीही परीक्षा आपल्या किनारपट्टीवर कठीण होते. सातपाटी-केळव्याकडून येणारी खारी हवा आणि अंगाचा घाम यांनी दुसऱ्याच पावसाळ्यात आसनाचा दांडा आणि हँडलचे बोल्ट गंजले. तिसऱ्या वर्षी क्रँकचे बेअरिंग कुरकुरू लागले. ते पालघरमधील साध्या सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने चारशे रुपयांत बदलून दिले. अभ्यंग करून लगेच सायकलीवर बसल्याने हँडलवरील फोमच्या मुठी तेलाने चिकट होऊन सुटल्या. आता तेथे सुती कापडाची पट्टी गुंडाळलेली आहे. व्यायामानंतर कोरड्या फडक्याने पुसणे आणि महिन्यातून एकदा उघड्या बोल्टना शिवणयंत्राचे तेल देणे, एवढ्यावर सायकल आजही चालते आहे.

आणि देहाचे काय? वजन ८४ वरून ७८ किलो झाले व एचबीए-वन-सी ५.८ वर आले. याचे श्रेय एकट्या सायकलीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण रात्रीचे उशिराचे जेवणही याच काळात सुटले. पडद्यावरील उष्मांकांच्या आकड्यांवर तर विसंबूच नये. १०० वॅट शक्तीने अर्धा तास पायडल मारले की १८० किलोज्यूल कार्य होते. स्नायूंची कार्यक्षमता साधारण एक-चतुर्थांश धरली, तर देहाचा खर्च सुमारे १८० किलोकॅलरी येतो. आमचा पडदा त्यालाच ३०० म्हणत असे. आणि १८० काय, ३०० काय, स्टेशनवरचा एक वडापाव तेवढी भरपाई सहज करतो.

'सर्वोत्तम दिवस'

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो. एका कारखान्यात पर्यवेक्षक असलेले, चव्वेचाळीस वर्षांचे गृहस्थ आमच्याकडे स्थौल्य व आम्लपित्तासाठी येत. आमची सायकल पाहून त्यांनीही तशीच घेतली. 'उत्तम केलेत' असे आम्ही म्हणालो; चिठ्ठीवर 'सायकल' हा शब्दही लिहिला. नवरात्रात त्यांचे उपवास चालू होते. पाठोपाठ दोन रात्रपाळ्या झालेल्या. शरदाचे ऊन, बंद खोली. अॅपने त्या आठवड्याचे लक्ष्य वाढवले होते आणि क्रमवारीत ते एका अनोळखी माणसाच्या किंचित मागे होते. पंचेचाळीस मिनिटे त्यांनी जोर लावला. उतरताना अंधारी आली, उलटी झाली, घसा कोरडा पडून खोकल्याची उबळ थांबेना. घरच्यांनी हृदयविकार समजून रुग्णालयात नेले. सुदैवाने हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. शिरेतून द्रव देऊन दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडले.

आठवड्याने ते दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी आम्हाला भ्रमणध्वनी दाखवला. त्या दिवसाची नोंद अॅपने 'आपला आजवरचा सर्वोत्तम दिवस' अशी केली होती आणि शेजारी एक सोनेरी पदक काढले होते.

तृष्णा, क्लम, कास, छर्दी. अतिव्यायामाच्या यादीतील लक्षणे आमच्यापुढे एकेक करून उभी होती. सामर्थ्याबाहेर साहस करणाऱ्याची गत हत्ती ओढणाऱ्या सिंहासारखी होते, हा वाग्भटाचा दृष्टांत आम्ही विद्यार्थ्यांना किती वेळा समजावून दिला असेल! परंतु त्या गृहस्थांना सांगितला नव्हता. अॅपला दोष देणे सोपे आहे. त्या अॅपला त्यांचा उपवास ठाऊक नव्हता, जागरण ठाऊक नव्हते, ऋतू ठाऊक नव्हता. आम्हाला मात्र तिन्ही ठाऊक होते. मात्रा न लिहिता द्रव्य लिहून देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही

यंत्र कार्य मोजते. कर्त्याचे बल मोजत नाही. शास्त्राने व्यायामाचे माप अर्धशक्ती असे सांगितले आहे आणि तेही बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यासाठी, शीतकाल आणि वसंत या काळात. अन्य ऋतूंत त्याहून कमी. अर्धशक्ती ओळखण्याची खूण सुश्रुतांनी दिली आहे: हृदयस्थानी असलेला वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धे बल खर्ची पडले. कपाळ, नाक, काख व सांध्यांवर घाम आणि मुखशोष याही खुणा परंपरेने सांगितल्या आहेत. या मापाची थोरवी अशी की ते ज्याचे त्याचे आहे आणि ज्या त्या दिवसाचे आहे. काल वीस मिनिटांनी जी खूण आली, ती जागरणानंतर आज नऊ मिनिटांनी येईल, तेथेच थांबावयाचे. आधुनिक व्यायामशास्त्रातही मध्यम श्रमाची ओळख 'बोलता येते, गाता येत नाही' अशी सांगतात. दोन्ही खुणांना विजेची गरज नाही.

उलट हृदयगतीचा जो कमाल आकडा यंत्र गृहीत धरते, तो बहुधा २२० मधून वय वजा करून काढलेला असतो. हा हिशेब समूहाच्या सरासरीचा आहे. एकेका व्यक्तीत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्याला तर तो मुळीच लागू होत नाही.

ऋतूचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात अधिकच टोकदार होतो. घरातील सायकल सर्वांत जास्त वापरली जाते ती पावसाळ्यात, कारण बाहेर पडता येत नाही. वर्षा ऋतूत अग्नी मंद, वायू प्रकुपित, आणि ऋतुचर्येत श्रम वर्ज्य सांगितलेले! म्हणजे ज्या काळात सायकल सोयीची, त्याच काळात मात्रा सर्वांत कमी हवी. आमच्या दैनंदिनीनुसार आम्ही हेमंत-शिशिरात पंचवीस मिनिटे, वसंतात तीस, ग्रीष्मात व शरदात पंधरा आणि वर्षा ऋतूत दहा-बारा मिनिटे असा क्रम ठेवला आहे. ही आमच्यापुरती मात्रा आहे. अनुकरणासाठी सांगितलेली नाही. तथापि सायकल एक असली तरी मात्रा बारा महिने एक असू शकत नाही, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे.

यंत्र बिनकामाचे आहे, असे आमचे म्हणणे नाही. संधिगत वाताच्या आरंभी ज्या रुग्णाला चालताना गुडघा दुखतो, त्याला देहाचा भार आसनावर ठेवून पाय फिरवता येतात, हा मोठा लाभ आहे. विषारी हवेच्या दिवशी, रात्रपाळीच्या माणसाला, पावसात, वृद्धाला पडण्याच्या भीतीविना व्यायाम साधतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात १० कोटी १० लाख भारतीय मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला आहे. एवढ्या लोकांना व्यायाम हवा असताना कोणतेही साधन नाकारणे शहाणपणाचे नाही. प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुतांनी निर्धन रुग्णाला अनवाणी शंभर योजने चालावयास आणि विहीर खणावयासही सांगितले आहे. साधन रुग्णाच्या परिस्थितीप्रमाणे बदलते, हेच त्यातून दिसते. आमच्याकडे विक्रमगडहून येणारी, डोक्यावर हंडा घेऊन रोज चढण चढणारी भगिनी आणि बोईसरच्या बंद दालनात संगणकापुढे बारा तास बसणारा अभियंता यांना 'व्यायाम करा' ही एकच ओळ लिहिणे हास्यास्पद ठरेल.

चिठ्ठीवर काय लिहावे

यापुढे आम्ही पुढील गोष्टी लिहून देतो. प्रथम अधिकार: वात-पित्ताने पीडित, अजीर्णी, अतिवृद्ध, उपवासी आणि जागरण झालेल्यास त्या दिवशी सायकल नाही. छातीत दुखणे, अकारण धाप किंवा चक्कर असा इतिहास असेल तर हृदयाची तपासणी आधी. अर्श व भगंदराच्या रुग्णाला कठीण आसनावर बसवू नये. अर्शाच्या हेतूंत विषम, कठीण आसन सांगितलेलेच आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जवळ साखर ठेवावी आणि आपल्या डॉक्टरांना कळवून मगच आरंभ करावा.

नंतर विधी: जेवण पचल्यावर, शक्यतो सकाळी. आसनाची उंची अशी की पायडल तळाशी असताना टाच त्यावर टेकली तर पाय सरळ व्हावा. आरंभीची व शेवटची तीन मिनिटे अगदी हलकी. तोंडाने श्वास सुरू झाला की वेग उतरवून थांबावे. पंखा चालू, पण घामावर थेट झोत नको. नंतर हलके मर्दन, कफ-मेद अधिक असल्यास उद्वर्तन, घाम निवल्यावर स्नान. आणि शेवटी एक ओळ ठळकपणे: अॅपमधील लक्ष्य व क्रमवारी बंद ठेवावी.

कोणती घ्यावी, असे विचारल्यास आम्ही एकच कसोटी सांगतो. दुकानात भ्रमणध्वनी खिशात ठेवून, इंटरनेटविना ती चालवून पाहावी. जडपणा हाताने कमी-जास्त करता आला आणि चक्र नीट फिरले, तर ती सायकल आहे. अॅपशिवाय जी अडून बसते, ती वर्गणी आहे.

औषधालयचालकांस विनंती

औषधालयाच्या गल्ल्यावर रुग्ण आपल्याहून अधिक मोकळेपणाने बोलतो, हे आम्ही जाणतो. प्रमेहाचे चूर्ण नेताना तो सायकलीविषयी विचारील. नवी घेऊ पाहील किंवा पडून असलेली विकू पाहील. आपल्या वसाहतींतून अशा कितीतरी सायकली कपडे वाळवीत उभ्या आहेत. ज्याला हवी त्याची आणि ज्याला नको त्याची गाठ घालून देण्यास एक वही पुरेशी आहे. दलाली मात्र कोणी घेऊ नये, म्हणजे सल्ल्यावरील विश्वास टिकेल. आमच्या संघटनेने वर उल्लेखिलेल्या सूचनांचे एक पान मराठीत छापून औषधालयांतून ठेवावे, असाही प्रस्ताव आम्ही मांडीत आहोत. त्यात उणे-अधिक असेल ते ज्येष्ठ वैद्यांनी सुधारावे.

पूर्वी आखाड्यात वस्ताद पोराच्या छातीकडे आणि तोंडाकडे पाहत उभा असे. श्वास तुटू लागला की 'पुरे' म्हणे. घरातील सायकलीशेजारी वस्ताद नाही. जो पडदा आहे, त्याला 'आणखी' एवढाच शब्द शिकवलेला आहे. 'पुरे' म्हणण्याचे काम आपले आहे आणि ते आपल्या चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीतच व्हावयास हवे. ते पर्यवेक्षक गृहस्थ आता आठवड्यातून चार दिवस, बारा मिनिटे सायकल चालवतात. परवा आले तेव्हा हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हल्ली पदक मिळत नाही, पण भूक छान लागते." आम्ही चिठ्ठीवर मात्रा तीच ठेवली आणि खाली लिहिले: वर्षा ऋतू लागताच आठ मिनिटे.